बाईंचे मिस्टर

सकाळी चहा घेताना त्यानं बायकोकडे पाहिलंच नाही. डोंगरातल्या सोन्याच्या खाणीतून आज पहिला माल बाहेर यायचा होता आणि बोगद्यातला दगडमाल उचलणारं लोडर चालवायला साहेबांनी तिला निवडलं होतं.

खाणीपर्यंतचा बोगदा दोघांनी मिळून खोदला होता. पण यंत्रावर तिचाच हात असा बसलेला, की लोक त्याला ‘बाईंचे मिस्टर’ म्हणू लागले. तो वरवर हसायचा. आतून मात्र जळून खाक व्हायचा.

बोगद्याच्या तोंडाशी कामगार जमले. ती हेल्मेटचा पट्टा बांधत होती. ते बघून त्याला राहवेना. “बाईचा पाय आत पडला की सोनं खोल पळतं,” तो मोठ्यानं म्हणाला. “जुने लोक उगीच नाही सांगत.”

तो स्वतः हे मानत नव्हता. ती एकदा आत जाऊन आली होती, हेही फक्त त्या दोघांना ठाऊक होतं. पण असल्या समजुती अशाच जगतात; मानणारा एखादा, सोयीनं वापरणारे दहा. कामगार खालीच बसले. “ती आत, तर आम्ही बाहेर!” साहेबांनी नाइलाजानं लोडरची किल्ली त्याच्या हाती दिली. बायकोनं हेल्मेट काढून ठेवलं आणि ती घरी निघाली.

माल आला, टाळ्या पडल्या. त्याला मात्र कशातच गोडी वाटेना.

संध्याकाळी घरी पोरं खेळत होती. खाटेखाली बोगदा, पालथं स्टूल म्हणजे लोडर. एरवी लोडर लेकीचं. आज त्यावर धाकटा भाऊ बसला होता आणि ती बाहेर उभी होती.

“तू नाही चालवत?” त्यानं लेकीला विचारलं.

“मी आत गेले तर सोनं पळेल ना, बाबा!”

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. त्यानं किल्ली बायकोपुढे ठेवली. “चुकलं माझं.”

“घरात कसली माफी मागतोस?” भांडी पुसता पुसता ती म्हणाली. “बोललास तेव्हा चारचौघांत बोललास ना?”

दुसऱ्या सकाळी बोगद्यापाशी बायकोला शेजारी उभं करून तो सगळ्यांसमोर बोलला. “मध्यंतरी आम्ही दोघंच इथं असताना बोगद्याचं छत ढासळलं, मी आत अडकलो, हातपाय गळाले माझे. लोडर मागे घेऊन मला बाहेर काढलं ते हिनं. त्यानंतरच्याच सुरुंगाला सोनं लागलं. मी हिच्यावर जळत होतो, म्हणून काल तसं बोललो.”

कुणी हसलं, कुणी मान फिरवली. आत जायला मात्र उठलं कुणीच नाही. बायकोनं त्याच्या हातून किल्ली घेतली आणि ती लोडरवर चढली.

“हिच्याबरोबर आत कोण जाणार?” साहेबांनी विचारलं.

“मी जातो,” तो म्हणाला. “बाईंचा मिस्टर.”