घसा बसलेला गडी

आमच्या वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. इंदापूर तालुक्यात त्यांच्या गायन पार्टीशिवाय भीमजयंती पार पडत नसे. पंच्याण्णवच्या दिवाळीत त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाजाची पार खरखर झाली. नानांनी तोंडच मिटलं. पाणी हवं असलं तरी तांब्या वाजवायचे. मला त्यांचा राग यायचा आणि घरामागं जाऊन मी रडायचेही.

धाकटा धम्मदीप बारामतीच्या कॉलेजात होता. मार्चमध्ये घरी आला तो हेवी मेटलची कॅसेट घेऊन. गिटारचा दणदणाट आणि त्यावर गुरगुरणारा, ओरडणारा एक गोरा. आई खेकसली, "बंद कर ते, म्हस पान्हा चोरंल!"

नानांनी मात्र हात वर केला. कॅसेट संपेपर्यंत ते टेपजवळून हलले नाहीत. मग ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बोलले, "ह्याच्याबी घशाचं आपरेशन झालंय व्हय?"

धम्मदीप हसणार, तोच मी त्याच्या पायावर पाय दिला. "व्हय नाना. तुमच्यासारखंच."

रोज संध्याकाळी बुद्धवंदनेत 'मुसावादा वेरमणी' म्हणत, खोटं बोलणार नाही असं शील घेणारी मी, धडधडीत खोटं बोलले.

"आन तरी गातोय गडी," नाना म्हणाले, आणि कॅसेट पुन्हा लावायला सांगितली.

चौदा एप्रिलला ते स्टेजवर चढले. पहिल्याच ओळीला पोरं फिदीफिदी हसली. ढोलकीवाले झुंबरतात्या गोंधळून थांबले. नाना थांबले नाहीत. दगडावर कुदळ घासावी तसा तो आवाज. महिनोन्‌महिने गिळलेलं सगळं दुःख त्यातून बाहेर पडत होतं. दुसऱ्या कडव्याला झुंबरतात्यांनी डोळे पुसले आणि थाप दिली. मग हसणारी पोरंही गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी नानांनी मला पोस्टकार्ड घेऊन बसवलं. "लिव्ह प्रियदर्शनी, त्या कॅसेटवाल्याला. गड्या, काल मीबी गायलो. तू एकटा न्हाईस. घसा जप."

मी लिहिलं. पत्ता विचारला तर म्हणाले, "धम्मदीपला ठावं आसंल."

त्या संध्याकाळी वंदनेत मुसावादापाशी आले आणि माझाच आवाज बसला. काही केल्या शब्द फुटेना. नानांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि ती ओळ त्यांच्या खरखरत्या आवाजात माझ्यासाठी म्हटली.