खिळ्याची जागा

अल्लाबक्षानं कृष्णातचा उजवा पाय ओढून दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये आवळला, घोड्याचा खूर धरावा तसा, आणि डब्यातून नाल ठोकायचा एक खिळा काढला.

"हलू नगंस."

कृष्णात हलला नाही. हलायला तोंड तरी कुठं होतं? तीन वर्षांपूर्वी याच नालबंदाचे पाय ओढ्याकाठच्या बाभळीला बांधले होते आणि भूमिगतांच्या पोरांनी तळव्यांवर काठ्या चालवल्या होत्या, कातडी फाटून मांस उघडं पडेपर्यंत. कृष्णात तीन पावलांवर उभा राहून ते वहीत टिपत होता. गुन्हा सगळ्यांना उघड दिसत होता. अल्लाबक्ष रोज पोलिसांच्या तळावर जायचा. घोड्यांना नाल मारायला जातो म्हणे! मार खाल्ल्या दिवसापासून नालबंद धड उभा राहिला नव्हता.

कृष्णातचं शिक्षण म्हणाल तर नववी. नापास नव्हे, फरार. बेचाळीसला शाळेच्या भिंतीवरून उडी मारली ती थेट भूमिगतांच्या पत्रकात. आता शेहेचाळीस साल उजाडलं होतं आणि त्याला रीतसर बातमीदार व्हायचं होतं. पुण्याचं कॉलेज म्हणत होतं, लढ्यात काम केल्याचा दाखला आणा, मॅट्रिक माफ. नानासो पुढाऱ्यांनी दिलेला तो दाखला त्याच्या खिशातच होता. पण काम खरं शिकवतात ते मुंबईला, असं जो तो सांगे. मुंबईच्या कॉलेजाची अट विचित्र होती. आपला छापलेला मजकूर पाठवा, आणि ज्याच्याविषयी लिहिलं त्याचं म्हणणं सोबत जोडा.

म्हणून तो शिराळ्याला, नालबंदाच्या घरी आला होता. अल्लाबक्षाचं म्हणणं त्यानं घरूनच लिहून आणलं होतं: 'मजकूर खरा आहे.' खाली अंगठ्यापुरती जागा, आणि सोबत शाईची डबी. माफीबिफी त्याच्या मनातही नव्हती.

आधी वाचून दाखव, असं अल्लाबक्ष म्हणाला. कृष्णातनं स्वतः लिहिलेलं पत्रक वाचलं. एका बाजूला, 'आपल्या जवानांच्या धाकानं घोडेस्वार पोलीस डोंगराखालूनच परतले.' मागच्या बाजूला, 'फितुराला शिक्षा, गुन्हा कबूल.'  पाय पुढं कर, एवढंच म्हातारा म्हणाला.

आता खिळ्याचं टोक कृष्णातच्या अंगठ्याच्या नखावर टेकलं होतं.

"हितवर मेलेलं असतंय. खिळा हितं बसला तर घोडं दौडतंय." टोक जरासं मागं सरकलं. "आन् हितनं जितं."

त्यानं हातोडी उचलली आणि हलकेच टोला दिला. कृष्णात किंचाळला. नखाच्या कडेतून रक्त आलं आणि म्हाताऱ्याच्या लुंगीवर सांडलं.

"ठोकल्या ठोकल्या कळत न्हाई घोड्याला. तिसऱ्या दिशी लंगडाय लागतंय. तळावरची सात घोडी हुती."

कृष्णातनं मांडीवरचं पत्रक उलटलं, पुन्हा सुलटं केलं. घोडी डोंगराखाली अडली नसती तर वरच्या गुहेत लपलेला तो स्वतः जिवंत सुटला नसता.

"बाभळीला बांधल्यावर मी वरडत हुतो, घोडी बघा, घोडी बघा. आयकलंस का न्हाई?"

"आयकलं, चाचा."

"मग लिवलं का न्हाईस?"

"वाटलं, मारानं बरळतायसा."

स्वतःचेच शब्द कानावर पडले आणि कृष्णातला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अल्लाबक्षानं त्याचा पाय सोडून दिला. मेहरुनबी, त्याची बायको, आतून हळद घेऊन आली. तिनं ती कृष्णातच्या जखमेवर दाबली, आणि नवऱ्याच्या आखडलेल्या पायांवरचं धडुतं नीट करून आत गेली.

"दे डबी. अंगठा लावतो," अल्लाबक्ष म्हणाला. "तुझं कालिज हुकाय नगं."

कृष्णातनं घरून लिहून आणलेला कागद भट्टीच्या निखाऱ्यावर टाकला. वही त्यानं आणली नव्हती. गरज पडेल असं वाटलंच नव्हतं. त्यानं खिसे चाचपले, नानासोंचा दाखला काढला आणि त्याची कोरी बाजू गुडघ्यावर पसरली.

"चाचा," तो म्हणाला, "पयल्यापासनं सांगा."