दांड्यावरचं कुलूप

बदली माणूस आजारी पडला, म्हणून उपकेंद्रातली दुसरी पाळीही ऑपरेटरच्याच गळ्यात पडली होती. डोळे चुरचुरत होते, पाठ बोलायला लागली होती. समोर बंद लाइनच्या स्विचला, त्याच्या दांड्यावर, एकच कुलूप लटकत होतं.

इथली रीत अशी, की लाइनवर चढणाऱ्याने आधी दांड्याला स्वतःचं कुलूप घालायचं, किल्ली खिशात टाकायची आणि उतरल्यावर स्वतःच येऊन काढायचं. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, मग तो सख्खा मेहुणा का असेना. हे कुलूप मेहुण्याचंच होतं, बायकोच्या थोरल्या भावाचं.

बाकीचे आपापली कुलुपं काढून, सगळे उतरले असं सांगून गेले होते. मेहुणा फोन उचलत नव्हता. किल्ली खिशात घेऊन घरी ताणून देण्याचा पराक्रम त्याने पूर्वीही केला होता.

ऑपरेटरचं घर याच लाइनवर होतं. घरी आई ऑक्सिजनच्या यंत्रावर. यंत्र बंद, जोडीचा सिलिंडर संपत आलेला. बायकोचा पुन्हा फोन आला.

"दादा झोपला असेल कुठेतरी. तोडा ना ते कुलूप. आईंचे ओठ निळे पडायला लागलेत."

त्याने करवत आणली. कडीवर खाच पडली, आणि मग हात थांबला. मेहुण्याला उतरताना पाहिलं कोणी, हे त्याने विचारलंच नव्हतं. एकेकाला फोन लावला. प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्याने पाहिलं असेल.

गाडी करून आईला दवाखान्यात ने, असं त्याने बायकोला सांगितलं. तिने फोन ठेवून दिला. असा मुलगा कुणाच्या पोटी येऊ नये, असं त्याला वाटलं.

बऱ्याच वेळाने मेहुणा आला, कोपरापर्यंत काळा. अर्थिंगची साखळी, काम चालू असताना तार जमिनीला जोडून ठेवणारी, तारेवरच राहिली होती. कुलूप काढायला येताना अर्ध्या वाटेत आठवलं, तसा एकटाच परत चढला होता. फोन खाली गाडीत. सांगायला हवं होतं, चुकलंच, म्हणाला. कुलूप उघडताना त्याचा अंगठा खाचेवर अडला.

"आई कशा आहेत?" त्याने विचारलं.

ऑपरेटरने दांडा चढवून लाइन सुरू केली. तेवढ्यात बायकोचा फोन आला. दवाखान्यात ऑक्सिजन लावलाय, आईंनी डोळे उघडलेत, म्हणाली. मग तिने विचारलं, दादा सापडला का?

"सापडला," तो म्हणाला. "झोपला होता."

मेहुण्याने ऐकलं, आणि कुलूप खिशात टाकलं.