उरलेला श्वास

तिने चमचा आवाज न होऊ देता बशीत टेकवला, खिडकी लावली, किटलीखालची आच बंद केली. मग नवऱ्याने तबकडी पुसून यंत्रावर ठेवली. वाद्यवृंदाच्या संचालकपदावरून तो निवृत्त झाल्यापासून घराची सकाळ अशीच सुरू होई. तबकडीवरची गेल्या शतकातली सिंफनी त्याने ऐन उमेदीत ध्वनिमुद्रित केली होती. ती चालू असेतो घरात पाऊलही वाजायचे नाही.

आज ध्वनिमुद्रकही ऐकायला आला होता. तबकडीची नवी आवृत्ती निघणार होती.

संथ भागाच्या शेवटी ओबोचा, त्या सनईसारख्या पाश्चात्त्य वाद्याचा, दीर्घ स्वर विरला. पुढे संपूर्ण शांतता. नवऱ्याने बोट उंचावले, आणि त्या शांततेत कुणीतरी श्वास सोडल्याचे स्पष्ट ऐकू आले.

"ही आमची मंडळी," तो म्हणाला. "अख्ख्या सिंफनीत हिचा सुस्कारा तेवढा अजरामर."

ध्वनिमुद्रक कसनुसा हसला. त्याच्या वाद्यवृंदात तेव्हा ओबो तीच वाजवायची. ओबोच्या चिंचोळ्या तोंडातून हवा जेमतेम जाते. वाजवणाऱ्याला श्वास कमी पडत नाही, तो छातीत उरतो. ऐन शांततेत तो सोडण्याची चूक तिच्याकडून एकदाच झाली होती. घरच्या माणसाला सूट दिली तर इतरांना शिस्त कशी लावू, असे म्हणून नवऱ्याने तिला त्याच हंगामात घरी बसवले. ओबो कपाटात गेला.

हल्ली असला आवाज सहज काढता येतो, ध्वनिमुद्रकाने सांगितले. ठेवायचा की काढायचा, एवढेच ठरवायचे होते.

"काढा," ती म्हणाली.

"अगं, तुझी तेवढीच तर खूण आहे त्यात."

"म्हणूनच."

नवरा हसत ध्वनिमुद्रकाकडे वळला. "राहू द्या हो. तो गेला तर आम्ही ऐकायचं काय?"

ध्वनिमुद्रकाने तिच्याकडे पाहिले. ती कपबशा गोळा करत होती. दुपारी ती वाद्यांच्या दुकानात जाऊन आली.

दुसऱ्या दिवशी तिने चमचा तसाच टेकवला. खिडकी मात्र लावली नाही. वाटीभर पाण्यात ओबोच्या तोंडाला लावायची वेताची नवी पत्ती भिजत होती. कपाटातला ओबो आणि वाटी घेऊन ती आतल्या खोलीत गेली.

तबकडी फिरू लागली. संथ भाग संपत आला. नवऱ्याने सवयीने बोट उंचावले.

आतून एक स्वर आला. मैफलीपूर्वी ओबो जो देतो आणि सगळा वाद्यवृंद ज्याच्याशी जुळवून घेतो, तो. आधी जरा चिरकला, मग सरळ झाला. तबकडीवरचा सुस्कारा त्याखाली कधी येऊन गेला, कळलेही नाही.

पुढचा भाग सुरू झाला तरी आतला स्वर थांबला नाही. नवऱ्याचे बोट तसेच वर होते.