कमलआजींच्या कण्यातली पहारेकरीण

मित्रांनो, मी एक जुनी पहारेकरीण आहे. लालबागच्या कमलआजींच्या पाठीच्या कण्यात, मज्जारज्जूमध्ये माझं ठाणं आहे. मी डोळ्यांना न दिसणारी एक पेशी. डॉक्टर मला मायक्रोग्लिया म्हणतात. बारीक फांद्या हलवत लक्ष ठेवायचं, कचरा गिळायचा, चेतापेशींना जपायचं, हे माझं काम. ते नीट चाललं असताना माझं नाव कुणी घेत नाही!

आजी मिरची कांडायच्या डंकावर कामाला होत्या. एकदा मसाल्याचा भरलेला डबा त्यांच्या पावलावर कोसळला आणि तिथली नस दुखावली. कण्यात धोक्याची हाक आली! मी फांद्या आखडून फुगले, बहिणींना गोळा केलं आणि अशी रसायनं सोडली, की दुखण्याचा प्रत्येक निरोप मोठा होऊन मेंदूकडे धावला. केवढी धांदल! पुढे जखम भरली, पण आमची धांदल थांबेचना. पंख्याचा वारा लागला तरी आजी कळवळायच्या.

"आई, एक्स-रे साफ आहे. तू उगाच मनाला लावून घेतलंयस," मुलगा स्वप्नील म्हणायचा.

"खोटा नाय सांगत रे, पायात आग पेटता!"

मग आजी बोलायच्याच बंद झाल्या.

शेवटी स्वप्नीलने त्यांना परळला डॉक्टर दीपिकांकडे नेलं. त्यांनी कापसाचा बोळा पावलावर अलगद फिरवला आणि आजी किंचाळल्या.

"मावशी, तुमचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. जखम भरली, पण कण्यातल्या पेशी अजून घंटा बडवतायत."

मित्रांनो, त्या माझ्याबद्दल बोलत होत्या! आजी मात्र ढसाढसा रडल्या. "आणि ह्यो माका येडी समाजत होतो!"

"चुकलं गं आई," स्वप्नील एवढंच म्हणाला.

गोळ्या सुरू झाल्या. खास आम्हालाच शांत करणारं औषध अजून शोधतायत. या गोळ्या नसांचा गोंगाट कमी करतात. शिवाय पावलाला स्पर्शाची सवय व्हावी म्हणून, डॉक्टरांच्या सांगण्यावरून, स्वप्नील रोज आईच्या पावलावर आधी रेशमी फडका फिरवी, मग सुती, मग खरखरीत टॉवेल. निरोप हळूहळू सौम्य झाले. मीही पुन्हा फांद्या पसरू लागले.

आणि काल तर कमालच झाली! नात मनवा धावत आली ती थेट त्याच पावलावर उभी! स्वप्नील ओरडला. आजींनी डोळे घट्ट मिटले.

"अगो, नुसता वजन लागता!" त्या हसत सुटल्या. "उतरू नको! थंयच रव!"

मित्रांनो, घरात कुणी दुखतंय म्हणालं आणि जखम दिसली नाही, तरी आधी विश्वास ठेवा, लवकर डॉक्टरांकडे न्या. आम्ही दिसत नाही, म्हणून माणसानं एकट्यानं सोसायचं होय?