मुलाखतीतली अंगाई

रिकामा कप पुढे धरून स्पीच थेरपिस्टने पुन्हा विचारलं, "आजी, हे काय आहे?"

म्हातारीने कपाकडे पाहिलं, मग खिडकीशी उभ्या असलेल्या थोरल्या लेकीकडे. ओठ हलले, घशातून घरघर आली आणि विरून गेली. झटका येऊन गेल्यापासून रोज हेच चाललं होतं. उजवी बाजू गेली, वाचा गेली, कान तेवढे शाबूत राहिले. जन्मभर शेजारणीपासून देवापर्यंत कोणाशीही वाद घालताना जी कधी मागे हटली नाही, तिला आता कपाला कप म्हणता येत नव्हतं.

थेरपिस्टने दोघी बहिणींना व्हरांड्यात बोलावलं. थेरपिस्ट तरुण होती, पण गोड बोलून वेळ मारून नेणाऱ्यांतली नव्हती. पहिल्या काही महिन्यांत जे परत येतं ते येतं, पुढे अवघड होत जातं, असं तिने सरळ सांगून टाकलं. मग म्हणाली, "एक करून बघू. बोलणं गेलं तरी कधीकधी गाणं राहिलेलं असतं. लहानपणापासूनचं एखादं गाणं आहे का त्यांचं? त्यांच्याच आवाजात असलं तर फारच बरं."

"आई कुठली गायला," धाकटी म्हणाली. "आम्हाला तर कधी गाऊन झोपवलंसुद्धा नाही."

"आहे गाणं," थोरली म्हणाली. "माझ्याकडे टेप आहे."

थोरली युनिव्हर्सिटीत इंग्रजी शिकवायची. साहेबाने ज्या देशांवर राज्य केलं तिथली माणसं, त्यांची पुस्तकं आणि त्यांच्या दबून गेलेल्या आवाजाचं पुढे काय झालं, हा तिचा विषय. वर्गात आवाज हा शब्द तिच्या तोंडी इतका असायचा की पोरं पाठीमागे तिला आवाजवाल्या मॅडम म्हणायची. तिलाही ते ठाऊक होतं आणि मनातून आवडत होतं.

तिचा प्रबंध होता साहेबांच्या घरी मुलं सांभाळणाऱ्या बायकांवर, आणि त्यातलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण होतं तिच्या स्वतःच्या आईवर. राज्य गेलं तरी कंपनीचा साहेब बंगल्यात राहिलाच होता. आई त्याची मुलं झोपवून रात्री उशिरा घरी यायची, तोवर तिच्या दोघी पोरी शेजारणीच्या घरी पेंगून गेलेल्या असायच्या. आजीकडून आलेली अंगाई आईने म्हटली ती त्या परक्या मुलांसाठी, ज्यांना तिचं अक्षरही कळत नव्हतं. परिसंवादात थोरली ही अंगाई इंग्रजीत वाचून दाखवायची तेव्हा सभागृह चिडीचूप व्हायचं. पुढे प्रबंधाचं पुस्तक झालं आणि बढती मिळाली ती त्याच प्रकरणाच्या जोरावर.

प्रबंधासाठी आईच्या मुलाखती घेतल्या होत्या, त्या टेप शोधायला वेळ लागणार होता. तोवर तूच म्हण की, पुस्तकात आहे ना, असं धाकटीने सुचवलं. आईचं अंग पुसणं, कूस बदलणं, पातळ जेवण चमच्याने भरवणं सगळं धाकटीकडे होतं, त्यामुळे तिच्या सुचवण्याला हुकमाचं वजन आलं होतं. थोरली पुस्तक घेऊन पलंगाशी बसली. पुस्तकात होतं ते इंग्रजी. तिने ओळीओळीने ते पुन्हा आईच्या भाषेत आणलं. चंद्र आला, पाळणा आला, दाराशी बसलेला वाराही आला. ताल काही येईना. मूळ शब्द जिभेवर आल्यासारखे वाटायचे आणि निसटायचे. पाहुण्यांचं पोर कविता म्हणायला लागलं की आपण कसं ऐकतो, तसं आईने ते ऐकून घेतलं.

"ताई, हे गाणं नाही," धाकटी म्हणाली. "ही बातमी झाली."

शेवटी माळ्यावरच्या बिस्किटांच्या डब्यात कॅसेट सापडल्या. वाजवायचं मशीन कॉलेजच्या कपाटात धूळ खात पडलं होतं, ते तिने उचलून आणलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थेरपिस्टच्या समोर तिने ते आईच्या उशाशी ठेवलं. कॅसेट आत सरकवून तिने बटण दाबलं. इतकी वर्षं आईचा आवाज आपल्याकडे जपून ठेवलेला आहे, ही तिच्या मनाची ठेव होती.

खरखर झाली आणि आवाज आला. आवाज थोरलीचाच होता, तरुण, घोटून घोटून स्वच्छ केलेल्या इंग्रजीतला. माहिती देणारी स्त्री सांगते की बंगल्यात मागच्या दारानेच जावं लागे. मग खटका, मग पुन्हा तिचाच आवाज. माहिती देणारी स्त्री इथे हसते.

"आई कुठे आहे?" धाकटीने विचारलं.

थोरलीने टेप पुढे सरकवली, मग मागे. सगळीकडे तीच होती. तेव्हा तिला आठवलं. विभागातल्या टायपिस्टला इंग्रजीच तेवढी येत असे आणि गाइडला इंग्रजीच तेवढी हवी होती. म्हणून तिने सोयीची पद्धत काढली होती. आई बोलेल तेवढा वेळ मशीन थांबवायचं, मग ओठांवर बोट ठेवून आईला गप्प करायचं, मशीन सुरू करायचं आणि आई जे बोलली ते इंग्रजीत सांगायचं. टायपिस्टने ऐकावं आणि सरळ टाइप करावं. गाणं तरी भरून घेतलं असेल असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. गाणंही तसंच घेतलं होतं.

"असू दे, मॅडम," थेरपिस्ट हळूच म्हणाली. "बंद करा."

तेवढ्यात खटका दाबायला कधीतरी झालेल्या उशिरातून, टेपच्या फटीतून, आई बोलली. "झालं का गं तुझं? म्हणू मी आता?"

एवढंच. पण पलंगावर आईने मान वळवली. डोळे मोठे झाले. धाकटीने तोंडात पदराचा बोळा कोंबला. थेरपिस्ट पुढे वाकून म्हणाली, "म्हणा आजी. म्हणा." आईचे ओठ उघडले आणि आतून एक सूर आला, घरघर नव्हती ती. सूर वर गेला, जरा थरथरला, खाली येऊ लागला. त्यात शब्द भरायचाच बाकी होता.

आणि टेपमध्ये थोरली इंग्रजीत अंगाई सांगू लागली.

आई एकदम थांबली. डावा हात चादरीवरून हळूहळू उचलला गेला आणि तिने बोट ओठांवर ठेवलं.

"आई, तसं नाही, तू म्हण, तू थांबू नकोस," थोरली म्हणाली आणि बटणाकडे हात नेऊ लागली. आईच्या कपाळाला आठी पडली. तिने आपलं बोट ओठांवरून काढलं आणि लेकीच्या ओठांवर टेकवलं.

लेकीचं काम चालू होतं. टेप खराब होऊ नये म्हणून आई श्वाससुद्धा हळू घेत होती.