पाळण्याखालचा बोल्ट

हार्लन टीगने खुळखुळा उलटा केला, चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं, "चीन."

मग दुपटं उचललं, शिवणीत दडलेली पट्टी बोटांनी चाचपून बाहेर काढली. "चीन." दुधाच्या बाटलीचं बूड पाहिलं. "चीन."

चर्चच्या तळघरात त्याच्या मुलीच्या, शेल्बीच्या, होणाऱ्या बाळासाठी आहेराचा कार्यक्रम चालला होता. कार्यक्रम बायकांचा. हार्लन आला होता टेबलखुर्च्या लावायला, आणि त्या लावून झाल्यावर त्याने घरी जायला हवं होतं. पण चार वस्तू मांडलेल्या दिसल्या की त्या उलट्या करून पाहिल्याशिवाय त्याचा पाय निघत नसे. तो जिथे तपासनीस होता तो गावातला पाळण्यांचा कारखाना चीनला गेला तेव्हापासूनची ही खोड. हॉटेलात चमचा उलटा, लोकांच्या घरी बशी उलटी. एकदा तर अंत्यविधीला गेला असताना शवपेटीवरच्या फुलांच्या चक्राची मागची बाजू वाचून आला होता.

"हार्लन, तुझ्या ट्रकचे टायर कुठले रे?" शेजारच्या डार्लाने विचारलं. बायका हसल्या.

"टायरवर बाळ झोपत नाही," हार्लन म्हणाला. "बाळ हे तोंडात घालतं. यांच्या रंगात शिसं असतं, हे ठाऊक आहे का तुम्हाला? स्वस्त मिळतं म्हणून घ्यायचं आणि नातवंडाला चाटायला द्यायचं."

"स्वस्त? कुठल्या जगात राहतोस बाबा तू?" डार्लाने समोरचं खोकं त्याच्याकडे सरकवलं. "बाहेरच्या मालावर नवा कर बसल्यापासून हा कॅमेरा दीडपट महाग झालाय. चिन्यांना चटका बसेल म्हणून सांगितलं होतं. बसला तो माझ्या पर्सला."

"बसू दे. चटका बसल्याशिवाय कारखाने परत यायचे नाहीत."

"कारखाना येईपर्यंत हे बाळ कॉलेजात जाईल."

कॅमेरा बाळाच्या खोलीत ठेवायचा होता. आईला फोनवर बाळ दिसत राहतं म्हणे. हार्लनने तो खोक्यातून काढला, उलटा केला आणि परत ठेवला. "चीन. आठवडाभर चालला तर मला कळवा."

आता शेल्बीच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं होतं. ती पोटावर हात ठेवून खुर्चीत बसली होती, आणि तिच्या केसांना मैत्रिणींनी गुलाबी फीत बांधली होती.

"डॅडी, पुरे."

"तुझ्यासाठीच सांगतोय. पाळण्याचा तरी प्रश्न नाही, देवाची कृपा. गॅरेजमधल्या आपल्या पाळण्याला मी नवं पॉलिश केलंय. उद्या ट्रकमध्ये घालून—"

"पाळणा आम्ही घेतला. काल आला."

"कुठला?"

शेल्बी केसांतल्या फितीशी चाळा करू लागली. हार्लनची बायको लोरीन सरबत वाढत होती. तिचा हात पातेल्यावरच थांबला.

"कुठला, विचारलं मी."

"तुम्हाला माहितीये कुठला." शेल्बीचा आवाज चढला. "तुमच्या पाळण्याची बाजू खालीवर सरकते, डॅडी. त्या फटीत अडकून पोरं मेलीयत. सरकारने बंदी घातलीय त्यावर. तो विकता येत नाही, कुणाला फुकट देतासुद्धा येत नाही. मी माझ्या मुलीला त्यात झोपवणार नाही."

"तू त्यातच झोपलीस."

"वाचले, माझं नशीब!"

हे गावातल्या निम्म्या बायकांनी ऐकलं. हार्लन हातातलं दुपटं घडी घालू लागला. घडी नीट जमेना, तेव्हा त्याने ते तसंच टेबलावर ठेवलं आणि जिना चढून वर निघून गेला.

तो पाळणा साधा नव्हता. कारखान्यात कुणाला मूल झालं की कामाची पाळी संपल्यावर लोक घरी जात नसत. मेपलच्या उत्तम फळ्या बाजूला काढून ठेवलेल्या असत. त्यातून सगळे मिळून एक पाळणा करत आणि तळाच्या फळीच्या खालच्या अंगाला प्रत्येकजण सुताराच्या जाड पेन्सिलीने आपलं नाव लिही. शेल्बीच्या पाळण्याखाली अशी लाइनवरच्या सगळ्या कामगारांची नावं होती, आणि त्यातली बरीचशी आता दफनभूमीतल्या दगडांवरही सापडत. सरकत्या बाजूच्या पाळण्यांत मुलं गेल्याच्या बातम्या आल्या तेव्हा हार्लनने त्या ऐकल्याच नाहीत. बंदी आली आणि कारखाना गेला, या दोन गोष्टी त्याच्या डोक्यात एक होऊन बसल्या. चांगला अमेरिकन पाळणा चिन्यांनीच बंद पाडला, असं तो शपथेवर सांगत असे. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढच्या आठवड्यात शेल्बीनेच फोन केला. तिचा नवरा ट्रेंट मालाचा ट्रक घेऊन टेक्सासला गेला होता.

"डॅडी, तो पाळणा जोडून द्याल का?" ती म्हणाली. थोडं थांबून पुढे म्हणाली, "तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही."

हार्लन विरघळला, हे कबूल केलं पाहिजे. त्याने हत्यारांची पेटी पुसली, स्वच्छ सदरा घातला. शेल्बीने त्याला मक्याचा पाव आणि कॉफी दिली, गालाला गाल लावला आणि म्हणाली, "वर खोलीत आहे. मी जरा पडते, पाय सुजलेत."

खोलीला फिकट पिवळा रंग दिला होता. आहेर फळीवर मांडून ठेवला होता, आणि त्यात खिडकीकडे तोंड करून डार्लाचा कॅमेरा. त्याचा हिरवा ठिपका मिणमिणत होता. 'अजून जिवंत आहे वाटतं,' हार्लन मनाशी म्हणाला. सवयीने त्याने तो उचलला, उलटा केला, तेच नाव पुन्हा वाचलं, नाक मुरडलं आणि हाताला येईल तसा परत ठेवून दिला.

मग तो पाळण्याकडे वळला. आणि तिथेच सगळं बिघडलं, कारण पाळण्यात बिघडलेलं काहीच नव्हतं.

भोकासमोर भोक बरोबर येत होतं. कडा गुळगुळीत होत्या. त्याने मुद्दाम गालावर घासून पाहिल्या. गजांमधलं अंतर असं की कोकाकोलाचा डबासुद्धा आत जाऊ नये. चारी बाजू पक्क्या, काही सरकत नव्हतं. रंगाला वास नव्हता. कागदावरच्या चित्रांत कुठे चूक सापडते का ते त्याने दोनदा पाहिलं. आयुष्यभर इतरांच्या हातचे पाळणे तपासण्यात गेलेला हा माणूस त्या जमिनीवर बसून अर्धा तास खोट शोधत होता आणि त्याला खोट सापडत नव्हती. याचा त्याला संताप आला.

काम संपलं तेव्हा त्याने पाळण्याला धरून हलवून पाहिलं. तो खडकासारखा उभा होता.

हार्लन पाठीवर झोपून पाळण्याखाली सरकला. गादीची फळी जिथे कोपऱ्याला बसते तिथला बोल्ट त्याने सावकाश उलटा फिरवून बाहेर काढला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. उरलेल्या बोल्टांवर फळी आज तग धरेल. पण दोन-तीन आठवड्यांत कोपरा खचणार, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. बाळ यायला अजून दीड महिना होता. कधीतरी तो स्वतःच येऊन फळीवर हात टेकवील, कोपरा खाली बसेल, आणि शेल्बी स्वतःच्या डोळ्यांनी बघेल. मग तीच म्हणेल, डॅडी, आणा तुमचा पाळणा. रिकाम्या पाळण्याने कुणाचं काय वाईट होतं? हे सगळं त्याने स्वतःला समजावलं आणि स्वतःला ते पटलंही.

त्या रात्रीच्या जेवणाला लोरीन उशिरा आली. शेल्बीकडे गेले होते, म्हणाली. घेवड्याच्या शेंगा वाढताना तिने विचारलं, "पाळणा नीट बसला ना?"

"बसला."

"सगळं व्यवस्थित?"

"व्यवस्थित म्हणजे, चिनी माल आहे. त्याचं काय सांगायचं."

लोरीनने मीठ त्याच्यापुढे सरकवलं आणि खाली बघून जेवू लागली.

त्यानंतर तिला हा एक चाळाच लागला. कधी कपडे वाळत घालताना, कधी चर्चमधून येताना ट्रकमध्ये. "शेल्बीच्या पाळण्याचं काही राहिलं नाही ना रे?" किंवा नुसतंच, "हार्लन, काही म्हणत होतास का?" हार्लनला वाटलं, आजी व्हायची वेळ आली की बायका अशा होतात. बोल्ट त्याने गॅरेजमध्ये खिळ्यांच्या डब्यात टाकला होता. एकदा त्याने तो काढून बघितला. त्याच्या मागे जुना पाळणा नव्या पॉलिशने चकाकत उभा होता. बोल्ट परत डब्यात गेला.

मग एका सकाळी, तो नाश्त्याच्या हॉटेलात कराबद्दल तावातावाने बोलत असताना, शेल्बीचा फोन आला. बाळ महिनाभर आधीच आलं होतं. मुलगी. लहानखुरी, पण ठणठणीत. परवा घरी सोडणार.

हार्लनने कॉफीचा कप खाली ठेवला. समोरच्याने त्याच्या पाठीत आनंदाने थाप मारली तीही त्याला कळली नाही.

"शेल्बी," तो म्हणाला.

"हं, डॅडी."

ती वाट बघत होती. बाळाचा बारीक कुरकुरण्याचा आवाज आला.

"तो पाळणा..."

"पाळण्याचं काय?"

एक वाक्य होतं ते. साठी उलटलेल्या माणसाला एक वाक्य बोलता येऊ नये? पण वाक्याच्या पलीकडे त्याला ते चर्चचं तळघर दिसलं, डार्ला दिसली, सगळ्या बायका हसताना दिसल्या.

"काही नाही. सावकाश या. रस्त्यावर गर्दी असते."

"बरं," शेल्बी म्हणाली आणि फोन ठेवला.

ठरल्या दिवशी तो बोल्ट आणि पाना खिशात घालूनच गेला. लोरीन सकाळपासून तिथेच होती. दारात ट्रेंट भेटला. त्याने हात पुढे केला नाही, पण हार्लनचं तिकडे लक्षच नव्हतं. शेल्बी बाळाला मांडीवर घेऊन सोफ्यावर बसली होती. पांढऱ्या टोपीतून कपाळाची एक गुलाबी पट्टी तेवढी दिसत होती.

"आधी खोली बघून येतो," हार्लन म्हणाला. "सगळं जागच्या जागी आहे ना ते."

"या बघून," शेल्बी म्हणाली.

वर जाऊन त्याने दार लोटलं. गुडघे कुरकुरत होते, तरी तो घाईने पाळण्याखाली शिरला. हाताने कोपरा चाचपला. तिथे बोल्ट होता. नवा, चकचकीत, शेवटपर्यंत आवळलेला. त्याने आपल्या हातातला बोल्ट बघितला, मग वरचा बघितला. दोन्ही अगदी सारखे होते.

तो तसाच पडून राहिला. मान वळवली तेव्हा फळीवरच्या कॅमेऱ्याचा हिरवा ठिपका सरळ त्याच्याकडे बघत होता.

खाली आला तेव्हा शेल्बीच्या बाजूला फोन होता. ती बाळाला थोपटत होती, आणि थोपटणं तिने थांबवलं नाही.

"चांगला चालतो तो कॅमेरा," ती म्हणाली. "तुम्ही त्याला पाळण्याकडे वळवून ठेवलात त्या दिवशी. मी पडल्या पडल्या चालू करून बघत होते, लागतो का ते."

हार्लनने खिशातला बोल्ट मुठीत धरला.

"पाळण्याच्या कंपनीला फोन केला, एक बोल्ट हरवला म्हणून. त्यांनी तीनतीनदा बजावलं, बोल्ट येईपर्यंत बाळाला त्यात ठेवू नका. चार दिवसांत पाठवला. पैसे घेतले नाहीत."

"शेल्बी, बाळ यायला अवकाश होता. मी काही—"

"परवा बाळ आलं होतं, डॅडी. मी तुम्हाला फोन केला होता."

ट्रेंट खिडकीबाहेर बघत उभा होता. हार्लन एक पाऊल पुढे आला. शेल्बीने बाळाला छातीशी ओढलं, घाई न करता, जसं गरम भांड्यापासून मुलाला कुणी बाजूला घेतं.

"बघा तिला," ती म्हणाली. "तिथूनच."

त्याने बघितलं. टोपी, गुलाबी पट्टी, एक मूठ. मूठ अगदी आपल्या आईच्या मुठीसारखी आहे, हे सांगावंसं त्याला फार वाटलं. मग शेल्बीने पदराखाली घ्यावं तसं बाळाला शालीत घेतलं, आणि बघणं संपलं.

तो बाहेर पडवीत आला. लोरीन त्याची टोपी घेऊन मागोमाग आली. तिच्या अंगावर शेल्बीचा स्वयंपाकाचा एप्रन होता.

"मी इथे राहतेय थोडे दिवस," ती म्हणाली. "फ्रिजमध्ये कालवण आहे. गरम करून घे."

"तुलाही सांगितलं तिने?"

"दाखवलं. त्याच संध्याकाळी."

हार्लनला ती संध्याकाळ आठवली. शेंगा, मीठ. मग वाळत घातलेले कपडे, ट्रकमधला चर्चचा रस्ता. इतके दिवस एका अंथरुणात पाठीला पाठ लावून.

"मग मला विचारलं का नाहीस?" तो म्हणाला. आवाज त्याला हवा होता तसा कडक आला नाही.

लोरीनने टोपी त्याच्या हातात दिली.

"रोज विचारलं की," ती म्हणाली.

आत जाऊन तिने दार हळूच लावून घेतलं. बाळाचा नुकता डोळा लागला होता.